मोजायला आणलेला नरच औषध निघाला तर? डुकरांमधला 'बोअर इफेक्ट' आणि प्रयोगाची आखणी

मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये मी उंदरांच्या माद्यांना एका वनस्पतीचा अर्क देत होते आणि त्यांचं ऋतुचक्र बघत होते. रोज सकाळी योनीतला स्मिअर घ्यायचा, स्लाइड रंगवायची, पेशी बघायच्या आणि वहीत टिपायचं. सातव्या आठवड्यात चमत्कार झाला. अर्क दिलेल्या माद्या एकाच वेळी, भराभर इस्ट्रसमध्ये आल्या. कंट्रोलच्या माद्या मात्र जैसे थे. मी आनंदानं आलेख काढून मॅडमकडे गेले. त्यांनी आलेखाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. त्यांनी एकच विचारलं, "त्या रॅकवर शेजारी काय ठेवलंय?"

शेजारी नर होते. दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगासाठी आलेले पिंजरे जागा नव्हती म्हणून माझ्या रॅकच्या वरच्या फळीवर ठेवले गेले होते. कंट्रोलचा रॅक खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आता सांगा, माद्या इस्ट्रसमध्ये आल्या त्या अर्कामुळे की नरांच्या मूत्राच्या वासामुळे? उत्तर देता येत नव्हतं. सात आठवडे गेले.

एकत्र ठेवलेल्या माद्यांचं मंदावलेलं चक्र नराच्या वासानं पुन्हा सुरू होतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास बऱ्याच जणी एकदम इस्ट्रसमध्ये येतात, याला 'व्हिटन इफेक्ट' म्हणतात. मी तो पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण नर हा माझ्या प्रयोगातला एक व्हेरिएबल असू शकतो हे डोक्यात आलं नव्हतं.

त्यानंतर मी या विषयावर हात लागेल ते वाचलं. त्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते डुकरांवरच्या संशोधनानं. म्हणून आज डुकरांबद्दल. तुमच्यापैकी जे रिसर्चची तयारी करताहेत त्यांनी जीवशास्त्रापेक्षाही आखणीकडे जास्त लक्ष द्या. मुलाखतीत "तुमचा कंट्रोल काय?" हा प्रश्न येणारच आहे.

आधी मूळ गोष्ट

जिचं अजून एकही वेत झालेलं नाही अशा तरुण मादीला गिल्ट म्हणतात. साधारण सहा ते सात महिन्यांच्या वयात ती पहिल्यांदा माजावर येते. पुढे गाभण राहिली नाही तर दर २१ दिवसांनी माज येतो. गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे 'तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस'.

आता एकाच वयाच्या, एकच खाद्य खाणाऱ्या गिल्ट्सचे दोन गट करा. एका गटात पूर्ण वाढ झालेला नर रोज थोडा वेळ सोडा. दुसऱ्या गटाला नर अजिबात दाखवू नका. पहिल्या गटातल्या माद्या लवकर वयात येतात आणि बऱ्याचशा एकमेकींच्या आगेमागे येतात. याला 'बोअर इफेक्ट' म्हणतात. बोअर म्हणजे नर डुक्कर. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या ब्रुक्स आणि कोल यांनी १९७० मध्ये यावर लिहिलेला शोधनिबंध आजही उद्धृत होतो.

असे परिणाम इतर प्राण्यांतही आहेत. मेंढीच्या कळपात नवा मेंढा सोडला की ऋतूबाहेर असलेल्या मेंढ्यांमध्येही बीजोत्सर्ग होऊ शकतो. उंदरांच्या पिल्लावस्थेतल्या माद्या प्रौढ नराच्या वासानं लवकर वयात येतात, तो 'व्हँडनबर्ग इफेक्ट'. डुकरांचं वैशिष्ट्य असं की इथे संकेत कुठला, तो कुठून निघतो, कुठल्या वाटेनं मेंदूत जातो, हे टप्प्याटप्प्यानं तपासलं गेलंय. आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी एक हुशार वजाबाकी केली आहे.

शरीरात काय होतं?

आधी नराकडून सुरुवात करू. उत्तेजित नर डुक्कर जबडा चावत राहतो आणि त्याच्या तोंडाला पांढरा फेस येतो. या फेसात मेख आहे. नराच्या वृषणात १६-अँड्रोस्टीन गटातले स्टेरॉइड तयार होतात. त्यातले महत्त्वाचे दोन म्हणजे अँड्रोस्टेनोन आणि अँड्रोस्टेनॉल. रक्तातून ते जबड्याखालच्या लाळग्रंथींमध्ये जाऊन साठतात. तिथे 'फेरोमॅक्सीन' नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं. लाळेचा फेस झाला की हा माल बाहेर. हेच अँड्रोस्टेनोन चरबीतही साठतं. नराच्या मांसाला काही वेळा जो उग्र दर्प येतो त्याचं एक कारण हे आहे, आणि तो संबंध पॅटरसन यांनी १९६८ मध्ये दाखवला. थोडक्यात, मांस उद्योगाची डोकेदुखी असलेला रेणू पुढे प्रजननशास्त्राच्या कामी आला.

आता मादीकडे. वयात येण्याआधीच्या गिल्टच्या बीजांडकोशात छोटी फॉलिकल्स तयार असतात. अडतं ते वरून येणाऱ्या आदेशापाशी. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक झटक्याझटक्यानं सुटतं, त्यावर पिट्यूटरी ग्रंथी एलएच सोडते. लहान वयात हे झटके विरळ असतात. नराच्या सहवासानं एलएचचं स्रवण वाढतं. त्यावर फॉलिकल्स वाढतात, इस्ट्रोजेन वाढतं, आणि ते एका पातळीच्या वर गेलं की एलएचची मोठी लाट येते. त्यानंतर साधारण ४० तासांनी बीजोत्सर्ग.

इथे लक्षात घ्या, नर मादीच्या शरीरात नवीन काही घालत नाही. यंत्रणा तिचीच आहे आणि तयार आहे. नर फक्त कुलूप काढतो. म्हणूनच फार लहान वयात नर दाखवून उपयोग होत नाही, कारण कुलपामागे अजून काही तयारच नसतं. साधारण १६० दिवसांच्या वयाच्या आसपास सुरुवात केली तर प्रतिसाद जलद आणि एकगठ्ठा मिळतो, असं या क्षेत्रातल्या बऱ्याच कामातून दिसतं.

एकच नर, दोन वेगळे परिणाम

इथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो.

पहिला परिणाम सावकाश होणारा. वर सांगितला तो, दिवस-आठवड्यांत उमटणारा, संप्रेरकांच्या वाटेनं जाणारा. अशा संकेताला 'प्रायमर' म्हणतात.

दुसरा परिणाम काही सेकंदांत होणारा. मादी माजावर असेल आणि नर समोर आला तर ती कान ताठ करते, पाठ कडक करते आणि खांबासारखी जागच्या जागी उभी राहते. ढकललं तरी हलत नाही. यालाच स्टँडिंग रिफ्लेक्स म्हणतात. असा झटपट वर्तन घडवणारा संकेत म्हणजे 'रिलीझर'.

फार्मवर माज ओळखतात तो याच रिफ्लेक्सवरून. माणूस मादीच्या पाठीवर हातानं दाब देतो, प्रसंगी पाठीवर बसतो. ती स्थिर उभी राहिली तर माजावर आहे. पण फ्रान्समध्ये सिन्योरे आणि द्यु मेनिल द्यु ब्युइसाँ यांनी १९६१ मध्ये दाखवलं की नर जवळपास नसताना, माजावर असलेल्या माद्यांपैकी साधारण निम्म्याच माणसाच्या दाबाला प्रतिसाद देतात. त्यांना नराचा वास आणि आवाज दिला की हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जातं. नर प्रत्यक्ष दिसू लागला आणि स्पर्शही झाला की जवळजवळ सगळ्याच उभ्या राहतात.

हा 'निम्म्याच' शब्द लक्षात ठेवा. थोड्या वेळानं तोच आपल्याला अडचणीत आणणार आहे.

वजाबाकीचे प्रयोग

नर म्हणजे एक गाठोडं आहे: वास, आवाज, दिसणं, धक्के देणं, हुंगणं. यातलं नेमकं काय काम करतं? गाठोड्यातून एकेक वस्तू काढून बघायची, परिणाम कधी नाहीसा होतो ते पाहायचं.

पहिली वजाबाकी, मादीचं नाक. कर्कवुड, फोर्ब्स आणि ह्यूज यांनी १९८१ मध्ये गिल्ट्सच्या मेंदूतले गंधाशी संबंधित भाग, म्हणजे ऑल्फॅक्टरी बल्ब, शस्त्रक्रियेनं काढले. मग त्यांना नर दाखवला. नरामुळे वयात लवकर येण्याचा परिणाम दिसला नाही. म्हणजे वास लागतोच.

पण इथेच थांबून स्वतःला विचारा. शस्त्रक्रियेचा ताणच कारणीभूत नसेल कशावरून? त्यासाठी कवटी उघडून बल्बला हात न लावता बंद केलेला, म्हणजे शॅम ऑपरेशनचा गट लागतो. आणि दुसरं, गंधाच्या दोन वाटा असतात, एक नेहमीची नाकाची आणि दुसरी व्होमेरोनेझल अवयवाची. बल्ब काढताना सहसा दोन्ही एकदम तुटतात. त्यामुळे 'वास लागतो' एवढंच म्हणता येतं, 'कुठल्या वाटेनं' ते नाही.

दुसरी वजाबाकी, नराचं वय. कर्कवुड आणि ह्यूज यांनी त्याच वर्षी वेगवेगळ्या वयाचे नर वापरले. साडेसहा महिन्यांचा नर काही कामाचा ठरला नाही. ११ महिन्यांचा आणि दोन वर्षांचा नर मात्र प्रभावी होते. पोरगा चालत नाही, बाप्या लागतो! हे लाळेतल्या स्टेरॉइडच्या गोष्टीशी जुळतं, कारण कोवळ्या नरात त्यांचं प्रमाण कमी असतं. पण 'जुळतं' म्हणजे 'सिद्ध झालं' नव्हे. वयानुसार आवाज, आकार, आक्रमकपणा हेही बदलतं.

तिसरी वजाबाकी, लाळग्रंथी. म्हणून मग ज्या नरांच्या जबड्याखालच्या लाळग्रंथी काढल्या आहेत असे नर वापरले गेले. पिअर्स, ह्यूज आणि बूथ यांचं १९८८ चं काम याच प्रश्नावर आहे. नर तोच, आकार-आवाज तोच, फक्त लाळेतला माल नाही. अशा नराचा परिणाम घटतो. आता लाळेचा पुरावा बराच पक्का झाला.

चौथी गंमत स्पर्शाची. गजाआडून नर दाखवण्यापेक्षा थेट त्याच्या संगतीत सोडलेल्या गिल्ट्सचा प्रतिसाद चांगला असतो. यावरून 'स्पर्श हा वेगळा संकेत आहे' असं वाटतं. किंवा असंही वाटेल की नराच्या धसमुसळेपणामुळे ताण येतो, कॉर्टिसॉल वाढतं, आणि त्यातून पुढचं घडतं. पिअर्स आणि पॅटरसन यांनी १९९२ मध्ये हे तपासलं. निष्कर्ष असा, की जवळीक लागते ती फेरोमोन नीट पोचण्यासाठी, कॉर्टिसॉलसाठी नाही. हे स्टेरॉइड हवेत फार सहज उडणारे नाहीत आणि प्रथिनाला चिकटून लाळेत असतात. तोंडाला तोंड लागलं, हुंगाहुंगी झाली की ते पोचतात.

मला हा निबंध फार आवडतो. कारण दोन्ही हायपोथेसिस एकाच निरीक्षणाला सारखेच लागू पडतात. 'स्पर्शानं परिणाम वाढतो' हे दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते 'का' यावर. आणि 'का' ठरवायचं तर दोघांची भाकितं जिथे वेगळी होतात ती जागा शोधावी लागते. तुमच्या प्रपोजलमध्ये अशी एक जागा दाखवता आली तर परीक्षक खूश होतात.

पाचवी वजाबाकी अनपेक्षित निघाली. बरीच वर्षं असं मानलं जायचं की फेरोमोन म्हणजे व्होमेरोनेझल अवयवाचं काम. डॉरीज, ॲडकिन्स-रेगन आणि हॅल्पर्न यांनी १९९७ मध्ये डुकरिणींमध्ये त्या अवयवाची वाट बंद करून बघितली. तरीही माद्यांना अँड्रोस्टेनोनचा वास येत होता आणि त्यावर त्या उभ्याही राहत होत्या. म्हणजे हे काम नेहमीच्या नाकानं होत होतं. पाठ्यपुस्तकातली नीटनेटकी विभागणी इथे लागू पडली नाही.

आता एक सापळा. या प्रयोगावरून 'वयात येण्यासाठीही व्होमेरोनेझल अवयव लागत नाही' असं म्हणता येईल का? नाही. प्रयोग रिलीझरवर आहे, प्रायमरवर नाही. दोन परिणाम वेगळे आहेत हे वर म्हटलं ते याच्यासाठी. रेणू तोच असला तरी वाट तीच असेल असं नाही.

आणि रेणूही एकटा नाही. अँड्रोस्टेनोनचा स्प्रे मिळतो, त्यानं माज ओळखायला मदत होते, पण जिवंत नराची सर त्याला येत नाही. टेक्सास टेक विद्यापीठातल्या मॅकग्लोन यांच्या गटानं २०१९ मध्ये अँड्रोस्टेनोन, अँड्रोस्टेनॉल आणि क्विनोलिन अशा तीन रेणूंचं मिश्रण एकट्या अँड्रोस्टेनोनपेक्षा सरस असल्याचं मांडलं. अर्ध्या शतकाहून जास्त काळ ज्या रेणूचा अभ्यास चाललाय त्याच्याही शेजारी दुर्लक्षित रेणू निघू शकतो.

मोजपट्टीच उपचार असते तेव्हा

आता मूळ मुद्दा. समजा तुम्हाला बोअर इफेक्टचा प्रयोग करायचाय. अ गटाला रोज नर, ब गटाला नर नाही. मोजायचं काय? पहिला माज कुठल्या वयात आला. माज ओळखायचा कसा? स्टँडिंग रिफ्लेक्सनं. आणि तो नीट दिसायला काय लागतं? नर!

बघा कसे अडकलो. ब गटात माज तपासायला नर नेला तर ब गट कंट्रोल राहिलाच नाही, त्यालाही थोडा उपचार मिळाला. नर नेला नाही आणि नुसत्या हातानं दाब दिला, तर माजावर असलेल्यांपैकी साधारण निम्म्याच सापडतील. समजा दोन्ही गटांत प्रत्यक्षात १०-१० माद्या वयात आल्यात. अ गटात नराच्या मदतीनं १० सापडल्या, ब गटात हातानं ५. तुम्ही लिहिणार, 'नरामुळे वयात येण्याचं प्रमाण दुप्पट झालं.' प्रत्यक्षात नरानं वयात येण्यावर काहीही परिणाम केलेला नाही. त्यानं फक्त तुमची नजर सुधारली.

यातून सुटका म्हणजे नराशी संबंध नसलेली मोजपट्टी. बीजोत्सर्ग झाल्यावर पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडतो. दर सात-दहा दिवसांनी रक्त घेऊन प्रोजेस्टेरॉन मोजलं तर ती मादी वयात आली का हे नर न आणता कळतं. प्रोजेस्टेरॉनची वाढलेली पातळी साधारण दोन आठवडे टिकते, त्यामुळे एवढ्या अंतरानं नमुने घेतले तरी ती निसटत नाही. शेवटी बीजांडकोश बघून, किंवा अल्ट्रासाउंडनं खात्री करता येते. आणि प्रयोगशाळेत नळ्यांवर फक्त नंबर असावेत, कुठली नळी कुठल्या गटाची हे मोजणाऱ्याला माहीत नसावं.

प्रोजेस्टेरॉनचा अजून एक फायदा. काही माद्यांमध्ये मुका माज असतो, म्हणजे बीजोत्सर्ग होतो पण वर्तन दिसत नाही. गाई-म्हशी असलेल्या घरातल्या मुलांना हा शब्द नवीन नाही. वर्तन आणि रक्त दोन्ही मोजलं तर नरानं शरीर बदललं, वर्तन बदललं, की दोन्ही, हे वेगळं काढता येतं.

आखणीतले आणखी चार खड्डे

पहिला, एन किती? एका कोंडवाड्यात १५ गिल्ट्स आणि नर, दुसऱ्यात १५ आणि नर नाही. तुम्ही लिहिता एन बरोबर १५. पण उपचार गिल्टला दिलेला नाही, कोंडवाड्याला दिलाय. त्या कोंडवाड्यातलं ऊन, हवा, पाण्याचा नळ, शेजारच्यांची संगत सगळ्यांना सारखी लागू आहे. खरा एन प्रत्येक गटात १ आहे. यालाच स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हर्लबर्ट यांचा १९८४ चा त्यावरचा निबंध जरूर वाचा. माझ्या उंदरांचं दुखणंही हेच होतं, एक रॅक विरुद्ध दुसरा रॅक.

दुसरा, हलवाहलव. गिल्ट्सना नुसतं एका जागेहून दुसरीकडे नेलं, अनोळखी माद्यांत मिसळलं, तरी काही जणी माजावर येतात. तुम्ही अ गटाला रोज नराच्या कोंडवाड्यात नेत असाल आणि ब गट जागेवरच बसत असेल, तर तुम्ही नर आणि फिरणं दोन्ही एकदम दिलंत. ब गटालाही तेवढ्याच वेळासाठी रिकाम्या कोंडवाड्यात न्या.

तिसरा, वयात न आलेल्या माद्यांचं काय करायचं? समजा २०० व्या दिवशी प्रयोग थांबवला. अ गटात १० पैकी ९ वयात आल्या, सरासरी वय १८८ दिवस. ब गटात फक्त ४ आल्या, सरासरी १८५ दिवस. सरासरीची तुलना केलीत तर नरामुळे उशीर झाला असं दिसेल! ब गटातल्या सहा जणी हिशेबातच नाहीत. हा सेन्सर्ड डेटा आहे. इथे सर्व्हायव्हल ॲनालिसिस लागतं, कपलान-मायर वक्र काढा. नावात सर्व्हायव्हल असलं तरी ते मरणापुरतं नाही, 'एखादी घटना घडायला किती वेळ लागला' अशा कुठल्याही प्रश्नाला चालतं.

चौथा, सवय. नर कायम शेजारी बांधलेला असेल तर माद्यांना त्याचं नावीन्य उरत नाही. सतत नराशेजारी ठेवलेल्या माद्यांमध्ये माज ओळखणंही अवघड जातं. शिवाय माजावरची मादी एकदा ताठ उभी राहून थकली की काही काळ पुन्हा प्रतिसाद देत नाही. म्हणून नर थोडा वेळ आणायचा आणि परत दूर न्यायचा. डोस जास्त म्हणजे परिणाम जास्त, हे गणित इथे चालत नाही. 'नर होता की नव्हता' एवढं लिहून भागत नाही. किती वयाचा, किती मिनिटं, गजाआड की थेट, दिवसातून किती वेळा, हे मेथड्समध्ये यायलाच हवं.

वासाच्या पलीकडे

नराचा प्रभाव वयात येण्यापाशी संपत नाही. पिल्लांना पाजत असताना डुकरिणीचं एलएच दबलेलं असतं, माज येत नाही. दूध तोडल्यावर साधारण चार ते सात दिवसांत ती माजावर येते, आणि या दिवसांत रोज नर दाखवणं फायद्याचं मानतात. कृत्रिम रेतन करतानाही नराला मादीच्या नाकासमोर उभं करतात. त्यानं ऑक्सिटोसिन सुटतं, गर्भाशयाचं आकुंचन वाढतं आणि शुक्राणू पुढे जायला मदत होते.

वीर्यातही संकेत आहेत. नर डुक्कर एका वेळी २०० ते ३०० मिलिलिटर वीर्य सोडतो आणि त्यात इस्ट्रोजेनही असतं. ते गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटायला चालना देतं. शुक्राणू नसलेला नुसता वीर्यद्रवसुद्धा बीजोत्सर्ग थोडा लवकर घडवू शकतो. म्हणजे कृत्रिम रेतनात वीर्य पातळ करून वापरतो तेव्हा शुक्राणू पुरेसे असले तरी हे संकेत पातळ होतात. 'वीर्य म्हणजे शुक्राणूंची वाहतूक' ही समजूत अपुरी आहे.

हे कुणाच्या पोटापाण्याचं?

एक माज हुकला की पुढचा २१ दिवसांनी. तेवढे दिवस ती मादी खाते, जागा अडवते आणि देत काही नाही. मोठ्या फार्मवर हा आकडा शेकडो माद्यांनी गुणला जातो. छोट्या पालकाकडे दोनच माद्या असतील तर एक हुकलेला माज म्हणजे वर्षाच्या हिशेबातला खड्डा. आणि वाईट भाग असा, की जी गिल्ट माज दाखवत नाही तिला वांझ समजून खाटकाकडे पाठवतात. तिच्या शरीरात दोष नसून तिला तपासणारा नर कोवळा होता, किंवा कायम शेजारीच बांधलेला होता, असंही असू शकतं. चुकीच्या मोजपट्टीची किंमत तिथे जनावर देतं.

प्रयोगशाळेत ती किंमत आपण देतो. २०१४ मध्ये मोगिल यांच्या गटानं दाखवलं की प्रयोग करणारा माणूस पुरुष असेल तर त्याच्या वासानं उंदीर-घुशींमध्ये ताण वाढतो आणि वेदनेचा प्रतिसाद दबतो. पुरुषानं घातलेला टी-शर्ट शेजारी ठेवला तरी तोच परिणाम. किती जणांनी आपल्या मेथड्समध्ये 'प्राणी कुणी हाताळले' हे लिहिलंय?

जाता जाता एक गोष्ट

युरोपात ट्रफल नावाची जमिनीखालची महागडी बुरशी शोधायला डुकरिणी वापरायचे. १९८१ मध्ये ट्रफलमध्ये नराच्या लाळेतला स्टेरॉइड सापडला आणि सगळ्यांना वाटलं, झालं, कोडं सुटलं. डुकरीण नराच्या वासामागे माती उकरते. गोष्ट इतकी सुंदर की अजून सांगितली जाते. मग १९९० मध्ये तालू आणि सहकाऱ्यांनी खरोखर तपासलं. जमिनीत वेगवेगळे नमुने पुरले आणि जनावरं सोडली. स्टेरॉइडकडे त्यांनी दुर्लक्ष केलं आणि डायमिथाइल सल्फाइड या साध्या गंधकयुक्त रेणूकडे ती गेली. रेणू तिथे असणं आणि त्यानंच काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरचा अभ्यास

तुमच्या प्रोजेक्टचा किंवा प्रपोजलचा कागद समोर घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. मी जे मोजतोय ते मोजण्याच्या पद्धतीमुळेच बदलत तर नाही ना?
२. उपचार नक्की कशाला दिलाय, प्राण्याला, पिंजऱ्याला की खोलीला? मग माझा खरा एन किती?
३. दोन्ही गटांत उपचार सोडून बाकी काय काय वेगळं आहे?
४. ज्यांच्यात घटना घडलीच नाही त्यांचं मी काय करणार?
५. माझ्या निष्कर्षाला लागू पडणारं दुसरं स्पष्टीकरण कुठलं, आणि दोघांची भाकितं कुठे वेगळी होतात?

पाचव्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही तर घाबरू नका, पण डेटा घ्यायला सुरुवातही करू नका. गाइडकडे जा, सीनिअरशी बोला. आणि हो, आज प्राणिगृहात गेलात तर आपल्या रॅकच्या वरच्या फळीवर काय आहे ते एकदा बघून या. मी आता रोज बघते.